लोणा

आईला फोनवर सांगितलं, घर घेतलं.
कागदावर शब्द होता 'गोठा',
आणि नोटरीबाईंनी तो दोनदा वाचून दाखवला,
माझं फ्रेंच कच्चं आहे असं समजून.

ओव्हेर्नचे डोंगर. रस्ता संपतो तिथून पुढे.
खाली बावीस गाईंची दावण, वर गवताचा माळा,
छपराला दगडी फरशा, एकेक माझ्याहून जड.
वाउटर म्हणाला, दोन उन्हाळे.
मी म्हणाले, तीन.
दुसऱ्या हिवाळ्यात तो ग्रोनिंगेनला परत गेला.
त्याबद्दल एवढंच.
ड्रिल मशीन ठेवून गेला, ते चांगलं आहे.

आधी शेण.
तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसं नव्हे,
खुरांनी चोपून चोपून दगड झालेलं,
कुदळीला दाद न देणारं.
सगळा मे महिना त्यात गेला.
शेणाखाली गोटे, गोट्यांखाली मोरी,
मोरीत वासराच्या गळ्यातली एक घंटा,
लोळी हरवलेली.

मग गिलावा. मी घाई केली, सिमेंट मारलं.
तीन आठवड्यांत भिंतीला लोणा फुटला,
पांढरा, मऊ, म्हाताऱ्याच्या हनुवटीवरच्या खुंटांसारखा.
खरवडला. आला.
व्हिनेगर लावलं. आला.
माझ्या भाषेत होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या.
फिर्मँ गवंडी आला, बोटाने पुसून
त्याने चक्क जिभेला लावला.
"गाईचं मूत," म्हणाला. "दोनशे वर्षं प्यायलीय भिंत.
आता बाहेर टाकणार. दहा वर्षं धरून चाला.
तिचं तोंड दाबू नका, बाई."
सगळं सिमेंट फोडलं.
चुना कालवायला शिकले.

ओदिलों विदालांक, जुना मालक, रोज पाचला येतो,
धारेच्या वेळेला.
गुडघे गेले म्हणून विकला त्याने,
मुलगी क्लेर्माँला लोकांचे दात काढते.
आत येण्याआधी तो भिंतीवर तळहाताने
दोनदा थाप मारतो.
विचारलं तर म्हणाला,
न सांगता आत गेलं की गाय दचकते,
दचकलेली गाय पान्हा चोरते.
"पण आता गाई नाहीत," मी म्हणाले.
"हो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत दोन थापा.

खोल्यांना मी नंबर दिलेत. तो वाचत नाही.
"फोवेतच्या जागी कोण आहे?"
लिल्लचं जोडपं, मी सांगते, बाईंची पाठ दुखते.
"फोवेतही उजव्या कुशीवरच बसायची,"
आणि समाधानाने कॉफी पितो.

जुलैत एका पाहुणीने लिहिलं,
खोली सुंदर, पण पाऊस आला की गाईचा वास येतो.
पैसे परत केले. दोन दिवस स्वतःच्या बाह्या हुंगत फिरले.
ऑक्टोबरात त्याच खोलीत एक ट्रकवाला एका रात्रीपुरता थांबला.
नऊ वाजेपर्यंत झोपला.
निघताना भिंतीला नाक लावून उभा होता,
डोळे मिटून, हातात किल्ली तशीच.
मी पाव आणायला आत निघून गेले.

आढ्याखालचं एक भोक बुजवायचं राहिलं.
तिथे गव्हाणी घुबड राहतं.
गव्हाणी मी काढल्या, एक सोडून सगळ्या.
घुबड नावासकट राहिलं.
बँकेच्या माणसाने विचारलं, हीटिंगचं काय.
मी त्याला घुबड दाखवलं.

आज बर्फ आहे. वीज पहाटेपासून गेलीय.
चार नंबरात एकच पाहुणी,
रात्री उशिरा आलेली, डोळे सुजलेली, सामान नसलेली.
मी काही विचारलं नव्हतं.
चुलीवर दूध तापवलं, ट्रे घेतला.
दारावर टकटक करतात, मला माहीत आहे,
पण हात आधी भिंतीकडे गेला.
दोनदा.
आतून पलंग किंचित वाजला.
मी थांबले,
तळहाताला पांढरं लागलं होतं.